एकदाच म्हटलेलं नको

परभणीच्या आमच्या बियाण्यांच्या कंपनीत विभागीय व्यवस्थापकाची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. हे वाक्य आज जितक्या सरळ लिहिते आहे, तितक्या सरळ तेव्हा एकदा तोंडातून काढलं असतं, तर पुढचं काही लिहायची वेळच आली नसती. पण तेव्हा मी ते नवऱ्यालासुद्धा आडवळणानं सांगितलं होतं. "आमचे साहेब रिटायर होणारेत," एवढंच मी म्हणाले आणि मेथी निवडत बसले. आमचे हे शाळेत मास्तर. पोरांच्या अर्धवट उत्तरांतून पुरं उत्तर काढायची त्यांना सवय. म्हणाले, "मग तुझा नंबर लागायला हरकत नाही." मी "छे, माझा कुठला" म्हटलं आणि मनातून सुखावले.

नोकरीला लागले ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा पहिला भडका उडून गेल्यानंतर. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दलित वस्त्या जळाल्या होत्या, एसटी कधी सुरू, कधी बंद, आणि एकाच गावातली माणसं एकमेकांकडं बघायची टाळत होती. असल्या दिवसांत सोनपेठकडच्या खेड्यातली, नुकतीच शेतीची पदवी घेतलेली पोरगी कंपनीनं कशाला घेतली असेल? मला वाटायचं, मार्क बघून घेतलं. खरं कारण पहिल्याच हंगामात कळलं.

संकरित कापसाचं बी करायचं म्हणजे फार निगुतीचं काम. संध्याकाळी मादी ओळीतली कळी अलगद सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, वर लाल कागदाची टोपी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलाचा पराग तिला लावायचा. हे सगळं बायाच करतात. पुरुष सुपरवायझर बांधावर आला की त्या पदर ओढून पाठमोऱ्या उभ्या राहत. हातातलं काम बघायचं तर जवळ जायला हवं, आणि परक्या बाईच्या जवळ जाणं बरं दिसत नाही. मग तो बांधावरूनच "बरं चाललंय" म्हणून निघून जाई आणि हंगामाच्या शेवटी बियाण्यात भेसळ निघे. म्हणून कंपनीला एक बाई हवी होती, शिकलेली आणि उन्हात हिंडणारी. मी मिळाले.

हिंडले मात्र खरी. सकाळच्या एसटीनं वालूर, नाहीतर पालम, तिथून बैलगाडी, नाहीतर पायी. दौऱ्याच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसे. का, ते बायांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही. एका उन्हाळ्यात मूत्रपिंडाची कळ येऊन दवाखान्यात पडले तेव्हा डॉक्टर ओरडले, "पाणी का पीत नाही?" मी म्हटलं, "विसरते." एवढी शिकलेली बाई पाणी प्यायला विसरते, याचं त्यांना मोठं नवल वाटलं.

ऑफिसातली तऱ्हा निराळी. बियाण्याचे दुकानदार यायचे, माझ्या टेबलासमोर बसायचे आणि विचारायचे, "साहेब कुटं गेलेत?"

"मीच बघते बियाण्याचं. बोला."

"ते हाय वो ताई. पर साहेब कवा येतेत?"

मग तासभर पेपर वाचत बसायचे. साहेब आले की त्यांना विचारायचे आणि साहेब मला हाक मारायचे. मी उत्तर द्यायची, दुकानदार साहेबांचे आभार मानून जायचा. सुरुवातीला मी चडफडायची. पुढं मी एक युक्ती काढली. दुकानदाराशी बोलायच्या आधी त्याच्या गावचं विचारायचं. पाऊस कसा झाला, बोंडअळी कुठवर आली, त्याच्या शेजारच्या शेतात आमचं कुठलं वाण आहे. दहा मिनिटांत गडी पेपर बाजूला ठेवून खुर्ची पुढं ओढायचा. चार-पाच वर्षांत अशी वेळ आली, की साहेब समोर बसलेले असताना लोक विचारू लागले, "ताई कुटं गेल्यात?" साहेब हसून म्हणायचे, "लीजिये, आता आम्हीच दौऱ्यावर जातो."

आमचे हे साहेब जुन्या हैदराबादी वळणाचे. शिक्षण उर्दूत झालेलं, मराठीत बोलताना मधूनच तकलीफ, इंतजाम, मेहेरबानी असे शब्द यायचे. दुसऱ्यानं आधी दारातून जावं म्हणून स्वतः उभे राहायचे. मला त्यांनीच शिकवलं, आणि मी त्यांचं शेवटपर्यंत ऐकत आले, एक वेळ सोडून.

ती एक वेळ सांगण्याआधी वालूरकडचं एक सांगते. भडक्याला वर्ष-दोन वर्षं होऊन गेली होती. तिथल्या एका बड्या शेतकऱ्याच्या शेतात आमचा बीजोत्पादनाचा प्लॉट होता. ऐन फुलोऱ्यात तो म्हणाला, "दलित वस्तीतल्या बाया नगं. गावात आदीच लय झालंय."

मी म्हटलं, "त्या बायांचा हात बसलाय. त्या नसतील तर प्लॉट मी पास करणार नाही."

"ताई, तुमी आमच्या घरच्यासारख्या. समजून घ्या की."

"मी समजून घेते. फुलं समजून घेणार नाहीत. ती चार दिवस कुणासाठी थांबत नाहीत."

तो खूप तणतणला. साहेबांकडं तक्रार घेऊन आला. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि "मॅडम म्हणतात तसंच होईल" म्हणून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया ओळीला आल्या, सगळ्यांत पुढं वस्तीतल्या. शेतकरी बांधावर उभा राहून दुसरीकडं बघत होता, पण उभा होता.

तसंच आमच्या बी सफाईच्या कारखान्यात बायांसाठी संडास नव्हता. रेल्वे फाटकाच्या पलीकडं उघडं माळरान, तिकडं जायच्या बिचाऱ्या. मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब पाहणीला आले तेव्हा मी भर मीटिंगमध्ये उभी राहून तो विषय काढला. विक्रीचे प्रमुख टेबलाखालून पाय हलवून मला खुणावत होते, की पुरे. मी पुरे केलं नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत पक्कं बांधकाम झालं. इतकी वर्षं मलाही त्याची गरज होती, हे मात्र मी मीटिंगमध्ये म्हणाले नव्हते. कामगार बायांसाठी हवंय, असंच म्हणाले होते. दुसऱ्यासाठी मागायचं म्हटलं की माझी जीभ तलवारीसारखी चालायची. स्वतःचं काही आलं की तीच जीभ टाळूला चिकटायची.

याला कारण घर. आमची माय म्हणायची, मागून घेतलं की त्याची चव जाते. लुगडं असो, दागिना असो, पोरीनं मागायचं नाही. मिळालं तर "कशाला आणलं" म्हणायचं, नाही मिळालं तर गप राहायचं. "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही" ही म्हण तिलाही ठाऊक होती, पण ती पाळण्यातल्या लेकरापुरती.

तर साहेबांची रिटायर व्हायची वेळ आली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार उघडंच ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मोठे साहेब पुढच्या आठवड्यात येतायत. मी नाव तुमचंच दिलंय. ते सगळ्यांसमोर विचारतील, त्यांची पद्धत तशी आहे. तकल्लुफ करू नका, संकोच सोडा. विचारलं, की हो म्हणा."

मी मान डोलावली. मला इतका आनंद झाला होता, की बाहेर येऊन उगाच बियाण्याच्या नमुन्यांच्या पिशव्या पुन्हा लावत बसले. माझ्या मनात बेत तयार होते. कृषी विद्यापीठातून दरवर्षी दोन-चार मुली बाहेर पडू लागल्या होत्या. त्यांतल्या काहींना प्लॉट तपासायला घ्यायचं, दोघी-दोघींनी दौऱ्यावर पाठवायचं, म्हणजे एकटीला भीती नको. तालुक्याच्या गावी ओळखीच्या घरी उतरायची सोय करायची. त्या खुर्चीत बसून काय काय करायचं, याची मी मनात कितीतरी वेळा उजळणी केली. खुर्ची मागायची कशी, याची एकदाही केली नाही.

मला एक प्रतिस्पर्धी होते, ते म्हणजे विक्रीचे प्रमुख. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, कंपनीत माझ्यानंतर आलेले. माणूस वाईट नव्हता. दुपारी डुलकी घ्यायचा, बायकोला घाबरायचा, दुकानदारांच्या लग्नकार्यांना न चुकता जायचा. पीक बघून वाण ओळखता येत नसे, पण त्यानं फारसं अडत नाही हे त्याला कळलेलं होतं.

मोठे साहेब आले त्या दिवशी दुपारचं जेवण आमच्या साहेबांच्या घरी होतं. त्यांच्या बायकोनं पुरणपोळ्या केल्या होत्या. मलाही पुरुषांच्या पंगतीतच पाट मांडला होता, अधिकारी म्हणून. मी बसले, पण बघते तर त्या माउलीला एकटीला वाढणं उरकेना, म्हणून उठले. पोळ्यांचं ताट हातात घेतलं आणि वाढायला लागले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

आमच्याकडं जेवताना "नको" म्हणण्याची रीत असते. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा. तिसऱ्यांदा वाढणारा हाताच्या फटीतून पोळी सरकवतो, तेव्हा "अहो, कशाला" म्हणत खायची. पहिल्याच विचारण्याला जो "हो" म्हणतो तो हावरट. आणि नको म्हटल्यावर जो खरंच वाढत नाही तो कंजूष. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मोठ्या साहेबांचं आयुष्य निम्मं परदेशात गेलेलं. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरीला "नको" म्हणाले आणि त्यांना खरंच नको होती. विक्रीच्या प्रमुखांनी आग्रह करकरून ती त्यांच्या ताटात टाकायला लावली. ती तशीच राहिली. साहेबांची बायको स्वयंपाकघरात मला म्हणाली, "त्यायला आवडलं न्हाई काय वो? पोळी तशीच ठिवली."

"पोट भरलं असेल," मी म्हटलं. नको म्हणजे नको असणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. बघितला, पण त्यातून मला जे कळायला हवं होतं ते कळलं नाही.

जेवणं झाल्यावर सगळे ऑफिसात आलो. खोलीत मोठे साहेब, आमचे साहेब, विक्रीचे प्रमुख, हिशेब विभागाचे प्रमुख, कारखान्याचे इंजिनीअर आणि मी. इकडचं-तिकडचं काम झालं. मग मोठ्या साहेबांनी फाइल मिटली, माझ्याकडं वळले आणि इंग्रजीत विचारलं, की साहेबांच्या जागी तुम्ही काम बघाल का, तुम्हाला ही जबाबदारी घ्यायला आवडेल का.

किती सरळ प्रश्न. समोर पाच पुरुष, पाचही जण वयानं मोठे, त्यांतले एक त्याच जागेची वाट बघणारे. एवढ्या सगळ्यांसमोर "हो, मला आवडेल" म्हणायचं, म्हणजे पहिल्याच विचारण्याला ताट पुढं करायचं. मी म्हणाले, "नको साहेब, मला कशाला? माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत इथं." इंग्रजीत म्हणाले, पण आतून ते आमच्या पंगतीतलंच नको होतं. आणि मी थांबले. आता ते म्हणतील, "असं कसं, तुम्हीच घ्यायला हवी." मग मी अजून एकदा नाही म्हणेन, थोड्या कमी जोरानं. मग आमचे साहेब म्हणतील, "मॅडम, नाही म्हणू नका." मग मी खाली बघून म्हणेन, "आपण सगळे म्हणत असाल तर."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडं जरा बघितलं. मान हलवली. आणि विक्रीच्या प्रमुखांना विचारलं, "मग तुम्ही?"

ते म्हणाले, "आपण म्हणाल तसं, साहेब. कंपनीची इच्छा."

बघा कसं असतं. नम्र तेही होते, मीही होते. पण त्यांच्या नम्रतेत होकार होता आणि माझ्या नम्रतेत नकार. पुरुषांना घरात ही दुसरी रीत शिकवतात की ती त्यांची ते शिकतात, मला अजून कळलेलं नाही.

मी आमच्या साहेबांकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. हिशेबवाले चष्मा पुसत होते. इंजिनीअर खिडकीतून कारखान्याकडं बघत होते. तेवढ्यात चहा आला. विक्रीच्या प्रमुखांनी बिस्किटांची बशी मोठ्या साहेबांपुढं सरकवली. ते नको म्हणाले. "एक तरी घ्या साहेब," हिशेबवाले म्हणाले. "आमच्या शब्दाखातर," इंजिनीअर म्हणाले. तिघांनी मिळून त्यांना एक बिस्किट खायला लावलं.

घरी आले तर यांनी पेढे आणून ठेवले होते. डबा टेबलावर, वर वर्तमानपत्राचा कागद. माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी डबा मागं सरकवला. मीच सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पण तुला तर हवी होती ना?"

"हवी होती."

"मग?"

मी रडले. राग राग आला मला, स्वतःचा, मायचा, त्या बिस्किटाचा. संध्याकाळी शेजारणीला पेढे दिले तेव्हा ती म्हणाली, "कशाचे वो ताई?" म्हटलं, "असेच. खावेसे वाटले."

साहेबांच्या जागेवरच्या नेमणुकीची ऑर्डर निघायला अजून वेळ होता. दोन-तीन दिवसांनी मी धीर करून त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "साहेब, मी ते तसंच म्हणाले होते."

ते हळहळले. "मला वाटलं, घरून मनाई असेल. ऐन वेळी मास्तरांनी नाही म्हटलं असेल. सगळ्यांसमोर तुम्हाला कसं विचारायचं?" मग म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. मी मध्ये पडून उपयोग नाही, मी जाणारा माणूस. तुम्ही स्वतः मुंबईला फोन करा. एवढंच सांगा, की मी तयार आहे."

ऑफिसातून करायची सोय नव्हती, सगळ्यांचे कान तिकडंच. बसस्टँडजवळ एक एसटीडी बूथ निघाला होता. तिथं गेले. रांगेत उभी राहिले. तोंडातल्या तोंडात वाक्य घोटत होते, "साहेब, मी तयार आहे." माझा नंबर आला तेव्हा मागचा एक म्हातारा म्हणाला, "ताई, पोराला फोन लावायचाय, लय उशीर व्हायलाय." मी म्हटलं, "तुमी घ्या आधी." त्याच्यामागून अजून एकाला घेऊ दिलं. शेवटी बूथवाला म्हणाला, "ताई, तुमाला खरंच फोन लावायचाय का न्हाई?"

लावला. मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरीनं उचलला. बाईच होती. मी नाव सांगितलं, परभणीहून बोलतेय म्हटलं. ती म्हणाली, "साहेब आहेत, जोडून देते. काय काम आहे, काय सांगू त्यांना?"

एक बाई विचारत होती, काय काम आहे, आणि मला सांगता येईना. डोक्यावरचा लाल आकड्यांचा मीटर पळत होता. मी म्हणाले, "विशेष काही नाही. सहजच केला होता. त्यांना कशाला त्रास, राहू द्या."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिनंही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ऑर्डर निघाली. विक्रीचे प्रमुख विभागीय व्यवस्थापक झाले. हार घालायच्या कार्यक्रमात प्रास्ताविक मी केलं आणि चांगलं केलं असं सगळे म्हणाले. त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही, उलट प्रत्येक गोष्ट विचारून करत. सकाळी आले की हाक मारायचे, "मॅडम, जरा इकडं." कुठल्या गावात कुठलं वाण द्यायचं, कुठला प्लॉट रद्द करायचा, मी सांगायची आणि ते सही करायचे. काम तर मीच करत होते, मग जागेचं काय एवढं, असं मी मनाला समजावत राहिले. पुष्कळ दिवस ते समजलंही.

मग एका वर्षी विद्यापीठातून दोन मुली अर्ज घेऊन आल्या. एक पालमची, धनगराच्या घरची, बापाची मेंढरं राखत शिकलेली. दुसरी सेलूकडची. दोघी हुशार, चटपटीत. पालमच्या पोरीनं तर नमुन्याच्या ताटलीतलं बी बोटानं सारखं करत सांगितलं, की यात नर ओळीतलं मिसळलंय. मी व्यवस्थापकांच्या शेजारी बसले होते. ते त्यांना म्हणाले, "पोरींनो, हे उन्हातान्हात हिंडायचं काम. तुमाला झेपायचं न्हाई. त्यापेक्षा बी.एड. करा." मी म्हणाले, "साहेब, मी इतकी वर्षं करतेच आहे की." ते हसले. "तुमची गोष्ट वेगळी हो, मॅडम." मी आणखी दोनदा बोलून पाहिलं. पण ठरवायचं त्यांच्या हातात होतं. मुली उठून गेल्या. जाताना पालमच्या पोरीनं माझ्याकडं बघितलं. त्या खुर्चीत तुम्ही का नाही, असं तिला विचारायचं होतं ते मला समजलं. त्या दिवसानंतर जागेचं काय एवढं, असं मला कधी म्हणता आलं नाही. माझ्या एका नकोनं माझंच ताट रिकामं राहिलं असतं, तर मी ते सोसलं असतं. त्या पोरी उपाशी गेल्या याचं दुःख मला आजही होतं.

पुढच्या दोन वर्षांत प्लॉट तपासणी ठेकेदाराकडं गेली. बांधावरून बघून "बरं चाललंय" म्हणणारे पुन्हा आले.

नामविस्तार झाला त्या हिवाळ्यात मोठे साहेब शेवटचे परभणीला आले. तेही कंपनी सोडणार होते. गावात काही ठिकाणी गुलाल होता, काही ठिकाणी शटर ओढलेली होती, पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. त्यांचा कारखान्यातला कार्यक्रम लवकर आटोपला. गाडीची वाट बघत आम्ही दोघं दाराशी उभे होतो. त्यांनीच विषय काढला.

"तुम्ही त्या दिवशी नाही म्हणालात, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं," ते म्हणाले. "मी मुंबईहून निघतानाच ठरवून आलो होतो, की ती जागा तुम्हाला द्यायची. विचारणं हा नुसता उपचार होता."

मग म्हटलं, आता काय लपवायचं? मी त्यांना आमची रीत सांगितली. पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, समोरच्यानं आग्रह करायचा असतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला माणूस हो म्हणतं. मला जागा हवी होती, मनापासून हवी होती, मी फक्त तुमच्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते.

ते हसले नाहीत. "मला हे माहीत असायला हवं होतं," ते म्हणाले. "मी परका, मला कळलं नाही. पण त्या खोलीत परका मी एकटाच होतो ना? बाकीचे सगळे इथलेच. त्यांना तर तुमच्या नकोचा अर्थ कळला असेल. मग कुणी आग्रह का केला नाही?"

इतकी वर्षं मी माझ्या जिभेला दोष देत होते, मायच्या शिकवणीला देत होते, त्या बूथवरच्या मीटरला देत होते. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आणि आता पडला तर उत्तर आधीच तोंडात तयार होतं.

"साहेब," मी म्हणाले, "आग्रह पाहुण्याला करतात. घरच्या बाईला कोण करतं?"

त्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यांची गाडी आली. त्यांनी हात जोडले, मीही जोडले, आणि गाडी रेल्वे फाटक ओलांडून जाईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.